साडेपाच मीटरची काइट घेऊ का?

पत्र थोडक्यात: खारघरचे एक वाचक लिहितात: "वय 36, वजन 72 किलो. लहानपणापासून संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवतो, काटाकाटीत हात पक्का आहे. आता पॉवर काइट, म्हणजे माणसाला ओढू शकणारी मोठी काइट, घ्यायची आहे. फ्रीस्टाइल करायची आहे आणि पुढे किनाऱ्यावर काइटने ओढली जाणारी तीनचाकी बग्गीही चालवायची आहे. एकच काइट दोन्हीला चालावी अशी इच्छा. साडेपाच मीटरची, चार दोऱ्यांची, अरुंद आणि लांब पंखाची एक वापरलेली काइट 22 हजारांत मिळतेय. मित्र म्हणतो, आपल्याकडे वारा कमी, मोठीच घे. शिकण्यासाठीची छोटी ट्रेनर काइट म्हणजे पैसे वाया. सराव सोसायटीमागच्या मैदानात करेन. अकरा वर्षांच्या मुलालाही शिकायचं आहे. बायको म्हणते, हे खूळ दोन महिन्यांत माळ्यावर जाईल. घेऊ का?"

तुमच्या पत्रात काइटचा आकार आहे, किंमत आहे, मित्राचं मत आहे. वाऱ्याचा वेग मात्र कुठेच नाही. तो नसेल तर साडेपाच मीटर मोठी की लहान, हे कुणालाच सांगता येणार नाही.

काइटच्या नावातला 'मीटर' म्हणजे चौरस मीटर. क्षेत्रफळ दुप्पट केलं तर ओढ दुप्पट होते, पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. ढोबळ हिशोब करून बघा. ताशी 25 किलोमीटर वाऱ्यात साडेपाच मीटरची काइट तुमच्या समोर जवळजवळ स्थिर उभी असली तर ओढ साधारण 16 किलो. एवढीच? हो, स्थिर असेपर्यंत. ती वाऱ्याच्या मधोमध, म्हणजे वारा पाठीवर घेतल्यावर तुमच्या थेट समोर, सूर मारते तेव्हा तिच्या कापडाला लागणारा वारा खऱ्या वाऱ्याच्या तिप्पट सहज होतो, आणि तिनाचा वर्ग नऊ. म्हणजे क्षणभर 145 किलोच्या आसपास, आणि तुमचं वजन 72. तीच काइट ताशी 15 किलोमीटर वाऱ्यात सूर मारताना 50-55 किलोपर्यंत ओढेल, म्हणजे तुम्ही ती सांभाळू शकाल. पण दुपारचा वारा पंधरावर थांबून राहत नाही.

मित्राचं "आपल्याकडे वारा कमी" हे खारघरच्या सेक्टरांपुरतं खरं आहे. इमारत, टेकडी, झाडांची रांग, काहीही आडवं आलं की त्याच्या मागे त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा घुसळलेला असतो. वीस मजली टॉवर साठ मीटर धरला तर सहाशे मीटर. सोसायटीमागच्या मैदानात गालाला वारा मंद लागतो, पण काइट वीस मीटर वर गेली की तिला एका सेकंदाला काहीच मिळत नाही आणि पुढच्या सेकंदाला झोत मिळतो. पोकळीत ती कोसळते आणि झोत आला की तुम्हाला उचलते. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांमागे किंवा येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनाही हेच लागू. मंद वाटणाऱ्या घुसळलेल्या वाऱ्याला मोठी काइट हे उत्तर असूच शकत नाही.

खारघरला आणखी दोन अडचणी आहेत. आजूबाजूला उच्चदाब वीजवाहिन्यांचे मनोरे आहेत, आणि ओली, मिठाने माखलेली दोरी वीज वाहून नेते. शिवाय डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. तुमच्या दोऱ्या 25 मीटरच्याच असल्या तरी विमानांच्या वाटेजवळ हा उद्योग नको. (1934 च्या विमान कायद्याने 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत पतंगही धरला होता, हे गच्चीवरच्या कुणालाच माहीत नसतं.) नेरुळला खाडीकाठी वारा बरा असतो, पण टीएस चाणक्य आणि डीपीएस तळ्याच्या बाजूला थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगो असतात. त्यांच्यावर काइट घिरट्या घालू लागली की अख्खा थवा उठतो. ती जागाही सोडा.

म्हणजे घराजवळ फक्त दोऱ्या अंथरणं, गाठी मारणं, हँडलना जोडणं यांचा सराव करा, काइट न उडवता. तोही लागतो. उडवायला किनाराच हवा. तुमच्यासाठी पेण-वडखळमार्गे आक्षी, नागाव. ठाणेकरांसाठी अर्नाळा, कळंब, केळवे. नोव्हेंबर ते मे या काळात दुपारी खारे वारे सुटतात ते साधारण ताशी 15 ते 25 किलोमीटर, समुद्रावरून आडकाठीशिवाय आलेले, म्हणून एकसारखे. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे ओढतात, त्यात उडवू नका. पावसाळ्यातला नैऋत्येचा झंझावात शिकणाऱ्याचा नाही.

आता पतंगाचा पक्का हात. तो निम्मा उपयोगी आहे आणि निम्मा घातक, असं माझं स्पष्ट मत आहे. वारा अंगावर ओळखणं, काइट कुठे जाणार हे आधी कळणं, हे सगळं कामी येईल. पण पतंग अंगावर यायला लागला की तुमचा हात आपोआप ढील देतो. इथे ढील नाहीच, दोऱ्यांची लांबी ठरलेली. खेच दिली की पतंग सरळ वर जातो; चार दोऱ्यांच्या काइटला दोन्ही हँडल घाबरून छातीशी ओढली तर ब्रेकवर, म्हणजे काइटच्या मागच्या कडेला जोडलेल्या दोन दोऱ्यांवर, ताण येऊन ती मागे कोसळते, नाहीतर जोर अजून वाढतो. आणि तिसरी सवय सर्वांत वाईट: दोरीला हात घालणं. या दोऱ्या डायनीमा नावाच्या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या असतात, त्यांना काच लावलेली नसते, म्हणून मांजापेक्षा निरुपद्रवी वाटतात. पन्नास किलो ताणाखाली सरकणारी डायनीमा बोट हाडापर्यंत कापते. हात फक्त हँडलवर. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातल्यापासून लोक उडत्या दोरीकडे संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे. रस्त्यापासून, दुचाकीच्या वाटेपासून शंभर मीटर तरी लांब राहा.

पतंग सुटला तर नाक कापलं जातं म्हणून आपण फिरकी सोडत नाही. पॉवर काइटमध्ये पहिला धडा हँडल सोडण्याचा. दोन्ही मनगटांत पट्टे असतात, त्यांना सगळे 'किलर' म्हणतात. ते ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले असतात. हँडल सोडली की पुढच्या दोऱ्यांचा ताण जातो, ब्रेकच्या दोऱ्यांवर काइट मागून धरली जाते आणि झेंड्यासारखी फडफडत खाली बसते. चार दोऱ्यांच्या काइटवर पहिल्या दिवशी, कमी वाऱ्यात, हे वीसदा मुद्दाम करा. हात विचार न करता उघडला पाहिजे.

'फ्रीस्टाइल' म्हणजे तुमच्या मनात काय आहे? उभ्या जागी काइटकडून कसरती करून घेणं असेल, तर ते चार दोऱ्या आणि दोन हँडलवर उत्तम होतं. एक ब्रेक ओढून दुसरं हँडल पुढे ढकललं की काइट स्वतःभोवती फिरते. दोन्ही ब्रेक हळू ओढले की हवेत थांबते. अजून ओढले की उलटी, मागच्या कडेवर खाली उतरते आणि तिथूनच पुन्हा उलटी वर चढते. दोन दोऱ्यांवर यातलं थांबणं आणि उलटं उडणं जमत नाही. पण 'फ्रीस्टाइल' म्हणजे काइटला लटकून उंच उड्या, असं असेल तर माझं उत्तर नाही. पाण्यावर चूक झाली तर पाणी झेलतं. घट्ट वाळूवर चार मीटरवरून घोटे आणि मणके झेलतात.

कसरती आणि बग्गी दोन्हीला चालणारी एक काइट आहे का? पहिल्या वर्षासाठी आहे. तीन मीटरच्या आसपासची, कप्प्यांची तोंडं उघडी असलेली, चार दोऱ्यांची फॉइल, म्हणजे काड्या नसलेली, वाऱ्याने फुगणारी कापडी काइट; पंख आखूड आणि रुंद, म्हणजे अॅस्पेक्ट रेशो (पंखाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण) तीनच्या जवळपास. 20 ते 25 मीटरच्या दोऱ्या. पुढच्या साधारण 200 किलो ताकदीच्या, ब्रेकच्या 100 किलोच्या. ताशी 20 किलोमीटर वाऱ्यात सूर मारताना ती तुम्हाला 50 किलोपर्यंत ओढेल. कसरतींना पुरेशी चपळ आहे आणि घट्ट वाळूवर बग्गी हलवायला पुरेशी ताकद आहे. पीटर लिन, ओझोन, एचक्यू, पीकेडी यांच्या नवशिक्यांसाठीच्या मालिकांमध्ये या जातीच्या काइट्स आहेत. मॉडेलवरून फार वाद घालू नका, या आकारात फरक थोडाच असतो.

अरुंद-लांब पंखाची काइट वेगवान असते आणि वाऱ्याच्या कडेला पुढपर्यंत जाते, म्हणून शर्यतवाल्यांना आवडते. पण दोऱ्या एक क्षण सैल पडल्या की तिचं टोक आत दुमडतं, आणि उघडतं ते फटक्यासरशी, बहुधा ऐन मधोमध. आखूड-रुंद काइट तीच चूक पोटात घालते. तुम्हाला मिळतेय ती अरुंद-लांब, आणि वर साडेपाचची. पुढे बग्गी जमली की ताशी 10 ते 15 किलोमीटरच्या दिवसांसाठी चार-साडेचार मीटरची दुसरी घ्याल, तेव्हा पंखाची लांबी वाढवायचा विचार करा.

बारवर, म्हणजे हातातल्या दांड्यावर, जोर कमी-जास्त करता येणाऱ्या डीपॉवर काइट्सचा सल्लाही कुणी देईल. चांगल्या असतात, पण त्या हार्नेसने, म्हणजे रुंद पट्ट्याने, कमरेला अडकतात. हात उघडला की सुटका, ही सोय तिथे नाही. सुटकेची कळ ओढावी लागते. पहिले तीन-चार महिने कमरेला काहीही अडकवू नका.

काइट घरी आल्यावर बहुतेकांची पहिली तक्रार असते: "उठतच नाही." दहापैकी आठ वेळा दोष ब्रेकचा असतो. पुढच्या दोऱ्यांवर जास्त ताण येतो, म्हणून त्या वापराने लांबतात, ब्रेकच्या तेवढ्या लांबत नाहीत. परिणामी ब्रेक कायमचे थोडे ओढलेले राहतात. काइट हातभर उठते, मागे रेलते आणि बसते. नवी काइटही पहिल्या आठ-दहा तासांत असं करते. उपाय असा: चारही दोऱ्यांची टोकं एका खुंट्याला अडकवा, दुसरीकडून सारख्या ताणाने ओढून लांबी जुळवा, मग हँडलच्या खालच्या दोरीवर ज्या गाठी असतात त्यातली एक बाहेरची गाठ घ्या. उडवताना हात सैल ठेवले की ब्रेकच्या दोऱ्यांना किंचित झोळ दिसला पाहिजे, आणि काइटची मागची कडा सपाट. झोळ फार असेल तर वळणं मोठी होतात, आणि हँडल सोडल्यावर ती नीट मरत नाही, म्हणजे तिचा जोर जात नाही, मग एक गाठ आत. सतत एकाच बाजूला जात असेल तर गाठींना हात लावू नका, डाव्या-उजव्या दोऱ्यांची लांबी पुन्हा मोजा.

बग्गी आत्ता घेऊ नका. काइटकडे न बघता ती डोक्यावर एक मिनिट धरता येते का, खाली बसून उठता येतं का, आडवं चालत सलग आठचा आकडा काढता येतो का, ठरवलेल्या जागी उतरवता येते का? हे चारही जमलं की बग्गीची वेळ झाली. आजची बग्गी 1990 च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी रूढ केली: तीन चाकं, पुढचं चाक पायांनी वळवायचं, आणि ब्रेक नाही. चाकं बहुधा आठ इंची रिमची, 4.80/4.00-8 टायरची. आपल्या रिक्षाचा टायरही 4.00-8, त्यामुळे वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडून बग्गी बनवून घेणाऱ्याला रिक्षाचा टायर लावायचा मोह होतो. ओल्या, घट्ट वाळूवर तो चालतो. कोरड्या वाळूत मात्र तो अरुंद आणि ताठ टायर रुततो, आणि रुतलेली बग्गी हलवायला काइटचा जोर वाढवावा लागतो, तिथेच अपघात होतात. बनवून घेतलीत तर मागची चाकं एकमेकांपासून मीटरभराहून जास्त लांब ठेवा, नाहीतर आडव्या ओढीने उलटेल. बेअरिंग सीलबंद घ्या.

सुरुवात करताना काइट डोक्यावर स्थिर ठेवून बग्गीत बसा. चाक वारा जिकडे वाहतोय तिकडे थोडं वळवलेलं असू द्या. ज्या बाजूला जायचं त्या बाजूला काइट खाली आणा, चाकं फिरू लागली की मग बग्गी वाऱ्याला आडवी करा. उलट क्रम केलात, म्हणजे आधी आडवी आणि मग ओढ, तर बग्गी जागची हलत नाही आणि तुम्ही सीटवरून बाहेर निघता. थांबायला काइट डोक्यावर न्या आणि वारा जिकडून येतोय तिकडे वळा. पाय खाली टेकवून थांबायचा प्रयत्न कधीही करू नका. स्वतःचीच बग्गी स्वतःच्या पायावरून जाते. हेल्मेट, बंद बूट, गुडघ्याचे पॅड. सीटला पट्टा नको, पडायचं तर सुटं पडा.

घट्ट वाळू हवी म्हणजे ओहोटी हवी, आणि ती नेमकी दुपारच्या वाऱ्यात हवी. इथे आपला जुना हिशोब कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा ढोबळ तास मिळतो. द्वादशीला बारा गुणिले पाऊण म्हणजे सकाळी नऊ, पुढे सव्वासहा तासांनी म्हणजे तीन-सव्वातीनला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला मात्र दुपारी तीनला भरती, किनारा पाण्याखाली. द्वादशी ते चतुर्दशी, पंधरवडा कोणताही, हे तुमचे दिवस. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी वेळापत्रकात खात्री करा. पौर्णिमा-अमावस्येच्या जवळ पाणी वेगाने चढतं आणि सपाट किनाऱ्यावर मागच्या खोलगट भागातून आधी येतं. पूर्ण ओहोटीनंतर तासाभराने आवरा. शनिवार-रविवारी घोडागाड्या आणि लहान मुलं असतात. आठवड्याच्या मधला दिवस काढा, जाळी सुकत असतील तिकडे फिरकू नका, आणि बग्गी न्यायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारा.

मुलासाठी दीड मीटरची, दोन दोऱ्यांची ट्रेनर घ्या. ताशी 15 किलोमीटर वाऱ्यात ती सूर मारताना 14 किलोच्या आसपास ओढते, अकरा वर्षांच्या मुलाला पेलणारं. तिच्या मनगटाच्या पट्ट्या मात्र त्याला घालू नका. दोन दोऱ्यांवर त्या काइटला मारत नाहीत, फक्त हातात धरून ठेवतात. त्याने नुसत्या मुठीत धरून उडवावं म्हणजे सोडता येईल. आणि पहिले तीन-चार दिवस तुम्हीही तीच उडवा. मित्राच्या "पैसे वाया"चं उत्तर यातच आहे, आणि तुमच्या पत्नीच्या शंकेचंही: दोन महिन्यांनी खूळ माळ्यावर गेलंच, तर जाईल ते दीड मीटरचं.

त्या 22 हजारांच्या काइटबद्दल. कप्प्यांच्या तोंडाजवळ उन्हाची झळ जास्त बसते. तिथलं कापड ओठांवर ताणून फुंका. हवा आरपार गेली तर कापड संपलं आहे. नवीन कापडातून जवळजवळ काहीच जात नाही आणि हातात चुरगळल्यावर ते कुरकुरतं. पंख उजेडापुढे धरून भोकं बघा, टोकाच्या कप्प्यांत वाळू साचली आहे का चाचपा. ब्रायडलच्या, म्हणजे पंखाखालच्या कन्नीच्या, डाव्या-उजव्या जोड्या बोटांत धरून लांबी जुळवा. बोटभर फरक असेल तर ती कधीच सरळ उडणार नाही. पण हे सगळं उत्तम निघालं तरी ती तुमच्यासाठी नाही. विक्रेत्याला नाही म्हणा आणि त्याच्याकडे तीन मीटरची जुनी पडून आहे का ते विचारा. साडेपाचपर्यंत गेलेल्या माणसाच्या कपाटात ती बहुधा असते, आणि त्याला ती आता नको असते.